सतरावी आवृत्ती

आप्पा बळवंत चौकात, वह्यांच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर बसून आम्ही दोघी
जगाची उत्तरं तपासतो.
कुदळेबाई वाचतात, मी खुणा करते.
त्या विरामचिन्हंसुद्धा वाचतात :
पानशेत धरण कोणत्या वर्षी फुटलं प्रश्नचिन्ह
अ एकोणीसशे एकोणसाठ ब एकोणीसशे एकसष्ट,
आणि ब म्हणताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलत नाही,
जरी त्यांच्या माहेरच्या भिंतीवर
घर पाडेपर्यंत
छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती.

इतिहास सकाळी. संस्कृती डबा उघडेपर्यंत.
जेवणानंतर क्रीडा, कारण डोळे मिटतात
आणि धावण्याचे विक्रम मोठ्यानं वाचले की
जरा जाग येते.
बॅडमिंटनचं जुनं नाव काय? पूना.
चौतीस वर्षं या गावात राहून
मला हे पान दोनशे तीनवर कळलं.

भाषा शेवटी, ऊन टेबलावरून उतरल्यावर.
'पुण्याला' : मूळ शब्द ओळखा.
पुणे की पुण्य?
मी समासात लिहिलं, वाक्य द्यावं.
शितोळ्यांनी खोडलं. जागा नाही म्हणाले.

घरी नवरा विचारतो, आमटी करू की पिठलं?
मी म्हणते, उरलेले दोन पर्याय?

मंगळवारी एक मुलगा जिना चढून आला.
हातात आमची सोळावी आवृत्ती,
कणा सुटलेला, सेलोटेपनं बांधलेला.
भूमहून आलेला,
म्हणजे चार वर्षांपूर्वी आलेला.
"मॅडम, पान तीनशे बारा.
खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे
किती खेळाडू चौकोनांत बसतात?
तुम्ही नऊ दिलंय."

आठ बसतात. नववा धावतो.

मला वाटलं आता भांडेल. मी चष्मा काढून ठेवला.
तो म्हणाला, "जिल्ह्यापर्यंत खेळलोय मी.
तीन वर्षं पाचव्या चौकोनात बसायचो.
परीक्षेत पेन आठवर टेकवलं होतं.
मग तुमचं पुस्तक आठवलं."

किती गुणांनी गेलं ते त्यानं सांगितलं नाही.
कुदळेबाईंनी पाणी दिलं, ते उभ्यानंच प्यायला,
भांडं पालथं घातलं,
"पुढच्या वेळी तेवढं दुरुस्त करा," म्हणाला.
पुढच्या वेळी.
मूळ वाक्य पुस्तकाबद्दल होतं की त्याच्याबद्दल,
हे मला ओळखता आलं नाही.
नावही विचारायचं राहिलं.

तो गेल्यावर माळ्यावरून जुनी प्रुफं काढली.
धूळ. झुरळाची अंडी. पान तीनशे बारा.
लेखकानं आठच लिहिलं होतं.
त्यावर लाल शाईची काट, शेजारी नऊ,
अक्षर माझं,
गोल, ठाम, शंकेचं चिन्ह नसलेलं.
नऊ जण खेळतात, हे कुणाला माहीत नसतं?
शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.
तेवढ्या सामान्यज्ञानावर
मी ते दुरुस्त केलं होतं.

कुदळेबाई म्हणाल्या, चला, पुढचा प्रश्न घ्या.
मी म्हटलं, थांबा जरा.
खाली हॉर्न वाजत होते,
कुणीतरी ओरडून नववीचं गाईड मागत होतं.

संध्याकाळी नव्या पेठेतून चालत निघाले.
एका अभ्यासिकेची खिडकी उघडी होती.
ट्यूबलाइटखाली एका रांगेत टेबलं,
एकाचं तोंड रस्त्याकडे, पुढच्याचं भिंतीकडे,
त्याच्या पुढच्याचं पुन्हा रस्त्याकडे.
वाकलेल्या माना, चार्जरच्या वायरी, गार झालेला चहा.
मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले.
या खेळात मागे वळून बघायचं नसतं.
पाठीला ऐकू यावं लागतं.

आत कुणीतरी खोकलं.
तीन-चार पाठी ताठ झाल्या.