वर्णनात क्रियापद नसतं

इर्मा बेंतान्कुर शिकवते :
वर्णनात क्रियापद नसतं.
कवच फिकट, वाळूच्या रंगाचं. डोळे आठ,
पुढे चार बारके, मग दोन ठसठशीत, दोन मागे.
चौथा पाय सर्वांत लांब.
बस. पूर्णविराम. पुढचा अवयव.

मोंतेविदेओच्या संग्रहालयात, तळघरात,
बाटलीत तो, पाय पोटाशी.
अल्कोहोलात रंग जातो,
जात तेवढी राहते.
लेबल मी चायना इंकनं लिहिलं :
रोचाचा किनारा, तिसऱ्या टेकाडामागे,
बीळ एकोणीस सेंटीमीटर.

शंभर वर्षांपूर्वी कुणी हॅम्बुर्गला बसून
पाच पाय उरलेल्या एका वाळक्या मादीवरून
नाव ठेवलं.
पुढं जो तो त्या नावाला नावं ठेवत आला.
इर्मा सुईनं नराचा स्पर्शक वळवते,
भिंगाखाली, श्वास रोखून :
"हा आकडा बघ. ही ती नव्हेच."

मला ती रात्र दिसते.
शिंपले खणणारा मिल्टन सिल्वेरा म्हणाला,
"बॅटरी भुवईशी धर,
मग वाळू आपल्याकडे बघायला लागते."
आणि लागली. हिरव्या ठिणग्या, टेकाडभर.

नर खणत होता. हो, नर.
वाळूची गोळी घेऊन वर येत होता,
टाकत होता, उतरत होता,
भिंती रेशमानं लिंपत होता.
ती भटकी, दोन बिळं नापसंत करून आलेली,
दारात थांबली.
आत गेली, खोली मोजल्यासारखी.
पहाटे तो एकटा बाहेर आला,
दार बाहेरून बुजवलं,
घर तिच्या नावावर करून निघाला

तेवढ्यात माझी बाटली त्याच्यावर पालथी.

"म्हणजे हा आता दुसरं खणणार नाही?"
मिल्टननं विचारलं.
मी तापमान लिहीत होते.

इर्माला नवं नाव मिल्टनवरून द्यायचं होतं.
तो हसला, नाही म्हणाला.
"आम्ही त्याला गवंडीच म्हणतो. माझे आजोबाही म्हणायचे."
मग तिनं गवंड्याचं लॅटिन केलं.

मी दोन पानं भरून पाठवली होती,
दार, पहाट, ती आत, सगळं.
इर्मानं लाल पेनानं खोडलं.
एक वाक्य राहू दिलं,
मोजमापांच्या तक्त्याखाली, बारीक टाइपात :
नर खणतो.