बाकी साडेचार

बँकेतल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली:
सहाशे बारा.
"अजून साठ-सत्तर हवेत, सर.
सहा महिने नीट वागा, मग फाइल टाकू."
नीट वागा.
शारजात एकोणीस वर्षं झाली मला,
एसीच्या डक्टचा इंच न् इंच मोजून दर काढतो,
सिग्नलसुद्धा तोडला नाही कधी.

रिपोर्ट घरी आणला.
शलाका चष्मा लावून वाचू लागली,
मुलाचं प्रगतिपुस्तक वाचते तशी, लाल शाई शोधत.
हे कार्ड कसलं?
मॉलमधलं. सोबत बॅग फुकट होती.
बॅगेची चाकं केव्हाच निखळली,
कार्ड मात्र माळ्यावरच्या डब्यात जिवंत.
आणि मार्चमधले हे दोन उशीर?
तेव्हा कंपनीने पगारच थकवला होता.
पगार कोणी थकवला ते यात लिहिलेलं नाही.
यात फक्त मी उशिरा.

मग दोनशे पासष्ट दिरहॅम, एक फोन नंबर.
बघताक्षणी ओळखला. दस्तगीरचा.
मिरजेचा, माझ्या खोलीतला, वरच्या बंकवरचा.
त्याचा व्हिसा लागायचा होता, म्हणून माझ्या नावावर घेतलेला.
दर शुक्रवारी गॅलरीत, वाळत्या बनियनांखाली उभा राहून
न पाहिलेल्या मुलीला तो
तोंडाने ताशा वाजवून दाखवायचा.
कंपनी बुडाली. एका रात्रीत गेला.
निरोप नाही,
चादर मात्र घडी घालून.

काउंटरवरच्याने विचारलं, तुमचाच ना नंबर?
हो म्हटलं. माझाच.

"पत नाही तर पत्ता नाही," शलाका म्हणाली,
स्वतःच्याच वाक्याला हसली
आणि मधेच थांबली.
वडील सांगायचे, कुणाचं देणं ठेवू नये.
इथे शिकतोय की थोडं देणं करावं,
कुणीतरी बघतंय अशा बेताने,
आणि तारखेच्या आदल्या दिवशी फेडावं.
म्हणून आता पेट्रोल तेवढं कार्डावर.

सगळी देणी मिटवा, ती मुलगी म्हणाली होती.
म्हणून मोइदूच्या बकाल्यात गेलो.
निळी वही, माझं पान, सोळा वर्षांचं:
खबूस, दही, अंडी,
रात्री अकराला नेलेले डायपर.
ते घालणारा आता दहावीला बसलाय.
एक महिना चुकलेला नाही.
ही वही कुठल्या ब्युरोत जात नाही.

"सगळं मिटव," म्हटलं.
मोइदूचं पेन थांबलं.
"कॅन्सल?" म्हणाला.
व्हिसा म्हणायचं होतं त्याला.
"कायमचे चाललात?"

इथे वही पुरती कोण मिटवतं,
ते मी विसरूनच गेलो होतो.

"नाही रे. घर घेतोय. राहायचंय."
तो बघत राहिला जरा वेळ.
मग बेरीज केली, पैसे मोजले,
आणि फ्रिजमधून लबानची बाटली काढून पुढे सरकवली.
साडेचार दिरहॅम.
सुटे होते खिशात.

"लिही," म्हटलं.