शेपूट

तार्तू, फेब्रुवारी. बाहेर नदी गोठलेली,
आत हेल्वेचा पार्सर.

पदावली म्हणजे काय, त्याने विचारलं.
नियम म्हणाला: आधी एक पदावली, मग वजा, मग पद.
बरं, पदावली म्हणजे काय?
आधी एक पदावली —
नियम ताकाला तूर लागू देईना.
एकही अंक न वाचता
स्टॅक ओसंडला.

हेल्वेने ओळ खोडली.
आधी पद, म्हणाली, हाताला लागेल असं काहीतरी.
मग शेपूट:
वजा, पद, पुन्हा शेपूट;
नाहीतर काहीच नाही.

त्या काहीच-नाहीपाशी
तो पहिल्यांदा थांबला.

ऊलो कॉफी घेऊन आला, पडदा बघत म्हणाला,
नऊ वजा चार वजा तीन
आठ कसे गं?

कंस उजवीकडे सरकले होते.
दोन यायला
पहाटेचे चार वाजले.