एकशे पंचवीसचा फरक

मालवणात, बर्फाच्या कारखान्यावरच्या जिममध्ये
पट्ट्यावर चाळीस मिनिटं.
मशीन म्हणतं : तीनशे बारा.
मनगटावरचं घड्याळ : एकशे सत्त्याऐंशी.

खोबरेकर ट्रेनर डोकं खाजवतो.
"मशीनला वाटतं, तुम्ही ऐंशी किलोचा पुरुष."
आणि घड्याळाला?
"घाम लागला की ते कायपण बोलतं."

मधले एकशे पंचवीस,
म्हणजे तळलेला एक लहान बांगडा
जो मी जाळला,
किंवा नाही.

इतक्यात वीज गेली.
तीनशे बारा पडद्यावरून पुसले गेले,
खाली बर्फाचं यंत्रही गप्प.
घड्याळ मात्र अंधारात
छाती मोजत राहिलं.

बाजारात सत्यवतीनं टोपलीवरचं फडकं सारलं,
बॅटरीच्या उजेडात मला खालपासून वर पाहिलं :
"सुकलंस गो बाय!"
आणि वाट्यावर
आणखी एक बांगडा टाकला.