छान म्हणण्याचा दंड

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर
एक टेबल टेनिसचं टेबल आहे. जाळी कुणीतरी कधीच नेली.
महिन्यातून दोन रविवार आम्ही त्यावर फोटो मांडतो,
चार बाय सहाचे, कोपऱ्यांवर कॅरमच्या सोंगट्या ठेवून,
कारण पंखा ऐकत नाही.

नियम दोनच.
ज्याचा फोटो, त्यानं तोंड उघडायचं नाही.
आणि जो "छान" म्हणेल त्यानं
बिस्किटांच्या डब्यात दहा रुपये टाकायचे.
पहिल्या महिन्यात त्या दंडावर सगळ्यांचा चहा झाला,
वर वडेही आले.
आता डबा फारसा वाजत नाही.

मी पाणीबिलाच्या खिडकीवर बसतो. दिवसभर
लोक काचेच्या भोकातून माझ्या चुका सांगतात.
सवय आहे.
तरी त्या रविवारी लागलं.

दिवा कोळीवाड्याच्या धक्क्यावरचा सूर्यास्त होता तो.
मुलुंडच्या टॉवरांमागे केशरी, खाडीत केशरी,
मी चाळीस मिनिटं डासांना रक्त देत उभा.
इर्शाद म्हणाला, क्षितिज कललंय, पाणी सांडेल.
इर्शाद लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला तिरकं सोसत नाही.
ऋजुता म्हणाली, हा सूर्य आमच्या पतपेढीच्या कॅलेंडरवर आहे,
मे महिन्यात.
वर्दे काकू काहीच बोलल्या नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोटो नाकाशी नेला,
मग टेबलावर ठेवला, आणि तळहात आडवा धरला
माझ्या अख्ख्या सूर्यावर.

खाली उरली बोटभर पट्टी.
तिच्यात उलट्या होडीला टेकून एक म्हातारा
जाळं सांधत बसलेला.
दात, अंगठा, मध्ये ताणलेला दोरा.
मी त्याला पाहिलंच नव्हतं.
"तू तिथंच होतास ना?" काकू म्हणाल्या.
नियमाप्रमाणे मी गप्प.

जिना चढताना मनात म्हटलं, स्वतः तर जन्मभर
तुळशीच्या कुंडीचे फोटो काढतात.
आठवडाभर कॅमेरा कपाटात, टॉवेलांखाली.
बायकोनं विचारलं, रुसलायस ते खाडीवर की काकूंवर?

मग गेलो. पहिल्या शनिवारी म्हातारा नव्हता.
ओहोटी होती, चिखलात निवट्यांची उडकउडक,
एका कुत्र्यानं माझं पाऊल हुंगून नापास केलं.
दुसऱ्या शनिवारी होता, पण मला पाहून ताठ बसला,
शाळेच्या फोटोत बसतात तसा.
ते सगळे मी पुसले.
तिसऱ्या शनिवारी कॅमेरा पिशवीतून काढण्याआधीच
तो म्हणाला, "धर यो टोक. निस्ता उबा काय ऱ्हायलास?"
धरलं.
नाव हिराजी. जाळं मुलाचं.
मुलगा आता महाप्यात एका काचेच्या इमारतीच्या गेटवर,
शिट्टी आणि टोपी घेऊन. जाळ्याला वर्षभर पाणी लागलेलं नाही.
"मग सांधता कशाला?"
"फाटल्यालं बघवत नाय," एवढंच.
दोरा उजव्या हातात ठेवून डाव्या हातानं
मी एक फोटो घेतला. एकच.
सूर्य तेव्हा कुठे होता, आठवत नाही.

रविवारी सोंगट्या ठेवल्या.
दात, अंगठा, सुई,
आणि दोऱ्याचं एक टोक चौकटीबाहेर जाणारं,
बघणाऱ्याच्या दिशेनं.
इर्शादनं मान तिरकी केली, मग सरळ केली.
"पलीकडून धरलंय कुणी?" ऋजुतानं विचारलं.
मी तोंड उघडलं, मिटलं.
वर्दे काकूंनी हात उचलला.
मी तळहाताची वाट पाहत राहिलो,
कुठे पडतो, काय झाकतो.
हात पर्समध्ये गेला.
डबा वाजला.

"पण हा डावा कोपरा," चष्मा परत डोळ्यांवर आणत त्या म्हणाल्या,
"ही निळी पिशवी कुणाची आलीय मध्येच?"

माझीच होती.