तुळईवरची अक्षरं

सान नदीच्या अलीकडचं हे घर
माझं आहे, असं कागद म्हणतो.
कागदावर गरुड आहे, शिक्का आहे
आणि शाईत बुडवलेला आईचा अंगठा.

चार वर्षांची होते, तेव्हा आलो इथे.
याच तुळईखाली वाढले, पीठ मळलं,
पोरं निजवली, नवऱ्याला पोचवलं.
वर कोरलेली अक्षरं धुराने काळी होत गेली.
आमच्यात कुणालाच वाचता येत नव्हती ती.
नक्षी असेल, आई म्हणायची,
आणि मग उगाच चुलीतली लाकडं हलवायची.

मार्चमध्ये ओदार्का आली, लेकीला घेऊन.
पाठीवर पिशवी, पिशवीत मांजर,
मांजराच्या अंगाला दोन रात्रींच्या गाडीचा वास.
दारातच पाव पुढे केला, वाटीत मीठ.
मी म्हटलं, सुल.
ती म्हणाली, सिल.
एवढ्याशा उकाराचं अंतर.
त्यात किती गावं मावली जळलेली!

यारिना आठ वर्षांची. पुढचा दात हलतोय.
भट्टीशेजारच्या बाकावर उताणी पडून
शाळेतल्यासारखं बोट फिरवत वाचू लागली:
हे घर बांधलं
ह्रिन् आणि पारास्काने
एकोणीसशे अकरा
देवा, आयुष्य दे

ओदार्काचे हात पिठात थांबले.
‘कुठे गेले ते?’ यारिनाने विचारलं.

काय सांगू?
की दोन तास दिले होते त्यांना, आमच्या शिपायांनी,
आणि गाई हंबरत राहिल्या रिकाम्या गोठ्यांत?
की त्याआधी चार वर्षं, बुग नदीपलीकडे,
आमचं गाव एका रात्रीत पेटलं
आणि कुऱ्हाडी ओळखीच्या होत्या?
की त्यांच्यातल्याच एका बाईने
राईच्या गंजीत तीन दिवस लपवलं आम्हाला,
माझ्या तोंडात खसखशीची पुरचुंडी देऊन,
रडू नये म्हणून?
तिचं नाव आई शेवटपर्यंत सांगत होती.
मीच विसरले.

एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही.
एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात
कुंपणापाशी एक म्हातारा उभा राहिला.
वाकून खाली पडलेलं नासपती उचललं,
बाहीला पुसलं, तिथेच खाल्लं, बियांसकट.
टोपी हातातच होती त्याच्या.
मी पडद्याआड. कडी लावून.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
खाल्ल्या नासपतीचं काय, ते कुणी सांगत नाही.

‘लांब गेले,’ म्हटलं मी. ‘समुद्राकडे.’
यारिना खुर्चीवर चढली, ओलं फडकं घेऊन.
काजळी उतरू लागली, माझ्या केसांवर, पिठावर.
ओदार्का ओरडली तिला. मी म्हटलं, राहू दे.

संध्याकाळी पाटीवर गिरवायला बसले.
पारास्का. तिसरं अक्षर मी ‘प’ वाचलं.
‘तुमच्याकडे प, आजी. आमच्याकडे र.
दिसायला सारखंच असतं.’
हलता दात जिभेने ढकलत
तिने माझा हात धरला, खडूसकट.
‘चुकलं. पुन्हा.’