चोचीचं माप

तलवार कोणी मागत नाही आता आमच्या गल्लीत.
कंदाहारच्या वेशीवर लढायला येणारा
चार पोलादी आरशांत स्वतःला कोंडून येतो:
एक छातीवर, एक पाठीवर, बगलांखाली दोन.
तलवार त्यावर पडते आणि घसरते,
तुपाच्या ताटलीवरून बोट घसरावं तशी.

म्हणून जागनोल. म्हणून कावळ्याची चोच.
एका अंगाला चोच, दुसऱ्या अंगाला बोथट हातोडा,
दांडा आतून पोकळ, बुडाशी आटे.
फिरवला की वीतभर सुरी बाहेर निघते
(ती कुणी वापरल्याचं ऐकलं नाही.
गिऱ्हाइकाला आवडते, एवढंच).

उस्ताद खुदादाद सांगायचे,
चार बोटांहून लांब ठेवू नकोस चोच.
लांब चोच आत जाते, परत येत नाही.
हेलमंदच्या काठी त्यांनी पाहिलं होतं:
एकाची चोच दुसऱ्याच्या शिरस्त्राणात रुतली,
मनगटाला दोरी, दोरीला दांडा,
मेलेला खोगिरातच अडकलेला,
आणि त्याचा घोडा उधळला.
जिंकलेला माणूस हरलेल्याच्या मागे
फरफटत गेला पार ओढ्यापर्यंत.
"मारणं येतंच रे पोरा.
सोडवून घेणं शिकावं लागतं."

मी चोचीला चार धारा काढतो.
त्यातली डावी, खालची, जरा गोल येते.
कानस तिथे वळत नाही, की माझा अंगठाच वळत नाही,
लहानपणी भट्टीत भाजलेला.
वर चांदीची वेल चढवली
की कुणाच्या नजरेत येत नाही.

इस्फहानचा सौदागर डझनभर नेतो.
मुलतानचा सौदागर डझनभर नेतो.
दोघेही घासाघीस करतात, दोघेही
डाळिंबाचं सरबत पिऊन ओठ पुसतात,
जाताना म्हणतात, तुझ्या हाताला बरकत येवो.
दोघांचाही माल एकाच गवतात गुंडाळून देतो मी.

परवा जरघूना आली.
कांबळ्यात गुंडाळलेला नवऱ्याचा छातीचा आरसा.
"ठिगळ लाव. नवरोज झाला की मुलगा जाणार आहे."
मी तो उजेडाकडे धरला.
भोक चौकोनी.
तीन कोपरे लख्ख.
चौथा गोल.

"कुठे पडले ते?" मी म्हणालो,
कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.
तिने उत्तर दिलं नाही त्याचं.
"सात दुकानं फिरले," म्हणाली,
"सात लोहारांच्या चोची घालून पाहिल्या यात.
तुझ्या दारावर टांगलेली तेवढी बसली.
तू नमाजाला गेला होतास."
मग भाव ठरवावा तशा आवाजात,
"ज्यानं भोक पाडलं
त्यालाच ठाऊक, ठिगळ किती जाड हवं."

पहिलं ठिगळ ठोकलं. माझ्याच चोचीनं घाव घातला.
आरपार.
दुसरं, जाड. आरपार, पण चोच रुतली;
पाय रोवून उपसावी लागली, उस्तादांची आठवण आली.
तिसरं, चौथं.
ती उंबऱ्यावर बसून होती, पाणीही न मागता.
भात्यावरचा पोरगा एकदाच हसला, मग गप्प झाला.
पाचवं टिकलं.
ठिगळावर फक्त एक पांढरा ठिपका उठला, तांदळाएवढा,
आणि चोचीचं टोक मुडपलं.
मी हसलो, जिंकल्यासारखा.
कुणावर, ते नंतर सुचलं.

तिनं आरसा दोन्ही हातांनी उचलला,
स्वतःच्या छातीशी धरला,
थोडा वेळ तसाच.
मग खाली ठेवला.

"जड झाला," म्हणाली.
"चौदा वर्षांचा आहे तो."